वाचकांचे प्रश्न : लहान मुलांना गुलामगिरी आणि वर्णद्वेष शिकवताना

अमेरिकेतली गुलामगिरी आणि तिच्या मागोमाग आलेला वर्णद्वेष पहिली ते पाचवीच्या मुलांपुढे कसा मांडावा, याविषयी शिक्षक आणि पालकांची पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दुसरीच्या मुलांना हा विषय सांगायची खरंच गरज आहे का? सात वर्षांच्या मुलापुढे साखळदंड, फटके आणि जहाजातले मृत्यू ठेवून काय मिळणार? मोठी झाली की कळेलच.

उत्तर : सात वर्षांच्या मुलाला फटके आणि मृत्यू सांगायचे नाहीत, हे तुमचं म्हणणं मान्य. पण म्हणून विषयच पुढे ढकलावा असं नाही. रंगातला फरक मुलं शाळेत येण्याच्या कितीतरी आधीपासून टिपतात. तीन महिन्यांचं बाळसुद्धा घरात रोज दिसणाऱ्या वर्णाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं. तीन ते पाच वर्षांत चांगलं-वाईट रंगाला चिकटवणं सुरू होतं. १९४०च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर त्या सगळ्या बाबतींत सारख्या होत्या. ‘छान बाहुली कोणती’ असं विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली दाखवली. शाळांमधली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. शिक्षक गप्प राहिले तरी मूल निष्कर्ष काढतच असतं, आणि तो चुकला तर दुरुस्त करायला कोणी नसतं.

तेव्हा प्रश्न उरतो तो किती आणि कोणत्या वयात सांगायचं एवढाच. सहा-सात वर्षांच्या मुलांना एक स्वच्छ व्याख्या पुरते. ती पाठ असावी, म्हणजे ऐन वेळी शब्द अडत नाहीत : ‘काही लोकांनी दुसऱ्या माणसांना आपली मालमत्ता ठरवलं. त्यांच्याकडून पैसे न देता काम करून घेतलं, आणि त्यांना निघून जाऊ दिलं नाही. याला गुलामगिरी म्हणतात. ते चूक होतं. ते चूक आहे हे तेव्हाही पुष्कळ लोकांना कळत होतं.’ यातलं शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. ते गाळलं की ‘त्या काळी तशीच पद्धत होती’ ही पळवाट मुलांच्या हाती लागते, आणि ती पुढे कॉलेजपर्यंत सुटत नाही. या वयात एवढंच सांगा की या माणसांना नावं होती, आईवडील होते, हातात कसब होतं, गाणी होती, आणि त्यांना मोकळं व्हायचं होतं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कुटुंबांची ताटातूट समजते. काही दक्षिणी राज्यांत गुलामगिरीतल्या माणसांना वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता, हे त्यांना फार लागतं, कारण तीही नुकतीच वाचायला शिकलेली असतात. कापूस, ऊस, तंबाखू कोणी पिकवला आणि पैसा कोणाच्या खिशात गेला, हा प्रश्नही याच वयात विचारावा.

आकडे आणि कायदे दहा-अकराव्या वर्षी. आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना जहाजांत चढवलं गेलं आणि सुमारे १ कोटी ७ लाख माणसं अटलांटिकच्या पलीकडे जिवंत उतरली. ही वजाबाकी पाचवीचं मूल स्वतः करतं आणि गप्प होतं; दुसरीच्या मुलाला कोटी म्हणजे नुसतं मोठं काहीतरी. त्यांपैकी जवळपास चार लाख माणसंच थेट आजच्या अमेरिकेच्या भूमीवर उतरवली गेली. ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख. नकाशावर हे दाखवलंत तर गुलामगिरी ही एकाच देशाची गोष्ट नव्हती, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाचवी संपेपर्यंत काही चित्रं वर्गात आणू नयेत : पाठीवरच्या वळांचा १८६३चा प्रसिद्ध फोटो, माणसं कोंबलेल्या जहाजाचा १७८८चा आराखडा आणि जमावाने केलेल्या हत्यांचे फोटो. मूल शब्द विसरतं, चित्र विसरत नाही. मग त्याच्या डोक्यात कृष्णवर्णीय माणूस म्हणजे जखमा, एवढंच उरतं.

प्रश्न : चौथीच्या मुलांना ‘आतून’ कळावं म्हणून काहींना मालक आणि काहींना गुलाम करून छोटं नाटक बसवायचा विचार आहे. जहाजातली दाटी कळावी म्हणून मुलांना बाकांखाली झोपवावं, असंही एका सहकाऱ्याने सुचवलंय. कसं वाटतं?

उत्तर : करू नका. दोन्ही नको.

असं नाटक दोनच रीतींनी संपतं. एक तर मुलं खिदळतात, कारण दहा मिनिटांनी घंटा होणार आहे हे त्यांना माहीत असतं, आणि ‘एवढं काही वाईट नव्हतं’ हा धडा घेऊन घरी जातात. नाही तर एखादं मूल खरंच घाबरतं. मालक झालेल्याला हुकूम सोडायची मजा कळते, गुलाम झालेल्याला अपमान आठवत राहतो. पिढ्यान्‌पिढ्यांची बेडी काय असते, हे दोघांनाही कळत नाही. लुटुपुटीचा लिलाव हा याचा सगळ्यांत वाईट प्रकार. अमेरिकेतल्या शाळांत तो वारंवार झाला आहे आणि अनेकदा शाळेला माफी मागायची वेळ आली आहे.

जेन एलियट या आयोवातल्या शिक्षिकेचा १९६८चा प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरीच्या वर्गात निळ्या आणि तपकिरी डोळ्यांची मुलं वेगळी करून एका गटाला श्रेष्ठ ठरवलं, आणि काही वेळातच मुलं एकमेकांशी दुष्टपणे वागू लागली. प्रयोग गाजला, त्यावर टीकाही भरपूर झाली. तो कित्ता गिरवण्यासारखा नाही : मुलांशी खोटं बोलल्याशिवाय आणि त्यांना दुखावल्याशिवाय तो होतच नाही.

गणिताच्या उदाहरणांतही हा विषय घुसवू नका. २०१२ साली जॉर्जियातल्या एका शाळेत तिसरीच्या गृहपाठात ‘फ्रेडरिकला रोज दोनदा मार बसला, तर आठवड्यात किती वेळा’ अशा अर्थाचं उदाहरण आलं होतं. हेतू होता दोन विषयांची सांगड घालण्याचा. झालं असं, की एका माणसाचा छळ गुणाकाराच्या सरावाचं साहित्य बनला.

मापच वापरायचं असेल तर त्याला एक बरी वाट आहे. गुलामगिरीत असलेल्या हेन्री ब्राउन यांची बायको आणि मुलं १८४८ मध्ये विकली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून घेतलं आणि रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल म्हणून पाठवून घेतलं. प्रवास सुमारे २७ तासांचा. खोकं ३ फूट लांब, २ फूट ८ इंच खोल, २ फूट रुंद. मुलांना खडूने हे माप जमिनीवर आखू द्या आणि भोवती बसून प्रश्न काढू द्या : हवा कुठून येणार? पाणी किती न्यायचं? खोकं उलटं ठेवलं तर? एकाही मुलाला त्या चौकटीत बसायला सांगू नका. चर्चेत ब्राउन यांचं दुःख येतंच, पण मुलांचं लक्ष त्यांच्या डोक्यावर आणि धैर्यावर राहतं.

प्रश्न : ‘मग ते सगळे पळून का नाही गेले? भांडले का नाहीत?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. समाधानकारक उत्तर सापडत नाही.

उत्तर : या एका प्रश्नाला पूर्ण तासिका द्या. सगळ्या विषयाचा कणा इथे आहे.

पहिल्यांदा सांगा की ते लढले. कामाचा वेग मुद्दाम मंद ठेवणं, अवजार मोडणं, रात्री जंगलात लपून जमणं, चोरून अक्षरं शिकणं, हे रोज चाललेलं लढणंच होतं. गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे तिच्याविरुद्ध लढणारे नामवंत वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस लहान असताना त्यांना मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ते बंद पाडलं. मग ते रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देत आणि बदल्यात अक्षरं शिकत. दुसरी-तिसरीच्या वर्गासाठी याहून चांगली गोष्ट शोधून सापडणार नाही : वय जवळपास तेच, चित्तथरारक पण भीती न घालणारी, आणि सगळी हुशारी डग्लस यांची.

चौथी-पाचवीला रॉबर्ट स्मॉल्स सांगा. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली बंडखोर राज्यं आणि उत्तर यांच्यात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, आणि स्मॉल्स गुलामगिरीत होते. १३ मे १८६२ला पहाटे त्यांनी चार्ल्सटन बंदरातलं ‘प्लँटर’ हे जहाज, कप्तान किनाऱ्यावर गेलेला असताना, पळवलं. कप्तानाची टोपी घातली, किल्ल्यांसमोरून जाताना शिट्टीचे ठरलेले इशारे बरोबर दिले आणि आपल्या कुटुंबासह सगळ्यांना सुखरूप उत्तरेच्या नौदलापर्यंत नेलं. पुढे ते अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. आणि हैती, कॅरिबियन बेटावरची तेव्हाची फ्रेंच वसाहत : १७९१च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला आणि १ जानेवारी १८०४ला गुलामगिरीतून उठलेल्या माणसांचं स्वतंत्र राष्ट्र उभं राहिलं.

पण इथेच थांबलात तर नवीच चूक होते. सगळ्या गोष्टी पळून गेलेल्यांच्या असल्या, की मुलं उलटा अर्थ लावतात : जे पळाले नाहीत ते भित्रे, किंवा त्यांना चालत होतं. म्हणून दुसरी बाजूही फळ्यावर लिहा. कुत्री आणि गस्त, नकाशा नाही, पैसा नाही, पकडलं तर शिक्षा मागे राहिलेल्यांनाही. १८५०च्या कायद्याने तर पळून, गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत पोचलेल्यालाही पकडून परत नेता येत होतं. आणि सगळ्यांत मोठं कारण मुलांना आपसूक कळतं : लहान बाळ असलेली आई कशी पळणार? स्वतः गुलामगिरीतून पळून सुटलेल्या हॅरिएट टबमन यांनी परत जाऊन सुमारे तेरा फेऱ्यांत सत्तरेक माणसं सोडवून आणली. कित्येक पुस्तकांत अजून तीनशे हा आकडा छापला जातो, तो फुगवलेला आहे. सत्तरसुद्धा अचाट आहे. एकेका फेरीत इतकी कमी माणसं का येत होती, हे विचारलंत की जोखीम किती होती ते कळतं.

ओना जज यांचं उदाहरणही जवळ ठेवा. त्या गुलामगिरीत होत्या, आणि १७९६च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या फिलाडेल्फियातल्या घरातून निघून गेल्या. वॉशिंग्टन यांनी त्यांना परत आणण्याचे प्रयत्न केले, ते फसले. १८४८ मध्ये मरेपर्यंत कायद्याच्या लेखी त्या मुक्त झाल्याच नाहीत. यावर ‘वॉशिंग्टन चांगले की वाईट’ असं मुलं विचारतातच. उत्तर सरळ द्या : ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यांनी माणसं गुलामगिरीत ठेवली होती. दोन्ही खरं आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे पेलतं; अडखळतो तो बहुतेक वेळा शिक्षक.

प्रश्न : चित्रपुस्तक निवडताना काय पाहावं? बाजारात ढीग आहे, आणि छान चित्रं पाहून घेतलेलं पुस्तक वर्गात फसतं.

उत्तर : चित्रांतले चेहरे आधी पाहा. २०१६ साली एका मोठ्या अमेरिकी प्रकाशकाने वॉशिंग्टन यांच्या गुलामगिरीतल्या स्वयंपाक्यावरचं चित्रपुस्तक प्रकाशित होताच काही दिवसांत मागे घेतलं. त्यात हर्क्युलस हा स्वयंपाकी आणि त्याची मुलगी हसतखेळत केक करताना दाखवली होती. प्रत्यक्षात हर्क्युलस १७९७ मध्ये पळून गेले आणि मुलं मागेच राहिली. गुलामगिरीतही माणसं हसत होती, पण हसण्याशिवाय पुस्तकात काहीच नसेल तर ते खोटं आहे.

दुसरं, क्रियापदं पाहा. पेन्सिल घेऊन एक पान वाचा आणि कृष्णवर्णीय पात्र स्वतः काय करतं, त्याखाली रेघ ओढा. ठरवलं, लपवलं, शिकलं, नकार दिला, अशा रेघा पडत नसतील आणि सगळं ‘त्यांना आणलं गेलं, ठेवलं गेलं, सोडवलं गेलं’ असंच चाललं असेल, तर पुस्तक परत ठेवा. गोरा, दयाळू तारणहार शेवटी येऊन सगळं मिटवतो, तिथेही हेच. उलट, अत्याचार करणारा वाक्यातून गायब होतो का, हेही तपासा. २०१५ साली टेक्सासमधल्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात, गुलामांच्या व्यापारातून आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ मळ्यांवर काम करायला आणले गेले, अशा आशयाची ओळ नकाशापाशी छापली होती. एका विद्यार्थ्याच्या आईने ती उघडकीस आणली आणि प्रकाशकाला ती बदलावी लागली. बोलताना ‘गुलाम’ऐवजी ‘गुलामगिरीत ठेवलेली माणसं’ म्हणणं बरं, ते याचसाठी. थोडं लांबतं, पण कोणीतरी ठेवलं होतं हे त्यातून निसटत नाही.

वर्गात नेण्याआधी पुस्तक एकदा मोठ्याने वाचा, एकट्याने. घसा कुठे अडकतो ते कळतं. पुस्तकात वर्णवाचक शिवी असेल तर ती उच्चारायची नाही, हे तेव्हाच ठरवा. ‘इथे एक अपमानाचा शब्द आहे, तो मी म्हणणार नाही’ एवढं पुरे. पहिलं वाचन सलग करा, मध्ये प्रश्न नकोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा आणि तेव्हा थांबा. पहिल्याच वाचनात दर पानाला ‘तुम्हाला काय वाटलं’ विचारलं, की मुलं वाटण्याऐवजी शिक्षकाला हवं ते बोलायला लागतात.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलीच्या तिसरीच्या वर्गात एकच कृष्णवर्णीय मुलगा आहे. धडा सुरू झाला तसा सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघू लागला, आणि शिक्षिकेने त्यालाच ‘तुला काय वाटतं’ विचारलं. मुलगी अस्वस्थ होऊन घरी आली. शिक्षिकेशी काय बोलावं?

उत्तर : आरोपाच्या सुरात नको, तिने त्याला बोलायची संधी द्यावी म्हणूनच विचारलं असणार. पण आठ वर्षांच्या मुलाला एका अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करणं चूकच. तिला दोन गोष्टी सुचवा. त्या मुलाच्या घरी आठवडाभर आधी कळवावं : कोणतं पुस्तक, कोणता दिवस, काय सांगणार. काही घरांत हे आधीच बोललेलं असतं, काहींना आधी स्वतः बोलायचं असतं. आणि धडा चालू असताना त्याला बाहेर पाठवू नये, पुढे बसवू नये, प्रश्न विचारू नये. त्याने आपणहून हात वर केला तर इतरांसारखंच बोलू द्यावं.

मुळात धडा जहाजापासून सुरू होतो म्हणून माना वळतात. त्याआधीची आफ्रिका एक दिवस तरी हवी. १३२४ मध्ये मक्केला निघालेला आणि वाटेत कैरोत मुक्तहस्ते सोनं वाटणारा मालीचा राजा मन्सा मुसा. ग्रंथांसाठी नावाजलेलं मालीतलं टिंबक्टू शहर. आणि भातशेतीत मुरलेले पश्चिम आफ्रिकेतले शेतकरी, ज्यांच्या ज्ञानावर पुढे दक्षिण कॅरोलायनातली भाताची शेती उभी राहिली. ही ओळख आधी झालेली असली, तर साखळदंड हे त्या मुलाच्या पूर्वजांचं पहिलं चित्र राहत नाही.

गोऱ्या मुलांचंही भान ठेवावं लागतं. ‘म्हणजे मी वाईट आहे का?’ असं एखादं विचारेल. ‘नाही. तू हे केलेलं नाहीस. पण आज कोणाला रंगावरून वेगळं वागवलं जात असेल, तर तिथे काय करायचं ते तुझ्या हातात आहे.’ एवढंच सांगून पुढे जावं. सगळा तास त्या मुलाची समजूत काढण्यात गेला, तर धडा कोणाविषयी होता हेच विसरलं जातं.

प्रश्न : पहिलीतल्या मुलीने ‘तिचा रंग धुतला तर जाईल का’ असं मोठ्याने विचारलं. मी ‘शू’ केलं.

उत्तर : ‘शू’ केल्याने ही बोलायची गोष्ट नाही, एवढंच कळतं. म्हणा : ‘नाही जात, तो मळ नाही. सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो, कोणाच्या जास्त, कोणाच्या कमी. तो उन्हापासून जपतो.’ पुढच्या चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाला स्वतःच्या मनगटाचा रंग मिसळायला लावा. आधी लाल आणि पिवळा, मग थेंबभर निळा, की तपकिरी मिळतो. पांढरा अगदी शेवटी आणि जपून, नाही तर रंग राखट होतो. खडूंच्या पेटीतल्या एकाच गुलाबीसर खडूला ‘कातडीचा रंग’ म्हणणं त्या दिवसापासून बंद. तयार रंगांना नावं मुलांनाच देऊ द्या, फक्त खाण्याच्या पदार्थांची नकोत. ती नावं पुढे चिडवायला वापरली जातात.

प्रश्न : ‘लिंकन यांनी गुलामगिरी संपवली आणि मग सगळे समान झाले’ असं आमच्या पुस्तकात दोन ओळींत आहे. कमीत कमी वेळात हे कसं सुधारायचं?

उत्तर : दोरी घ्या, साडेचार मीटर. एका वर्षाला एक सेंटिमीटर. सुरुवातीची गाठ १६१९ची, आफ्रिकी माणसांना व्हर्जिनियात उतरवलं ते वर्ष. तिथून २४६ सेंटिमीटरवर १८६५ची गाठ. लिंकन यांची १ जानेवारी १८६३ची मुक्तीची घोषणा फक्त यादवी युद्धातल्या बंडखोर राज्यांपुरती होती. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला मुक्तीचा हुकूम वाचला गेला तो १९ जून १८६५ला, आणि देशभर बंदी घालणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंजूर झाली. पुढे ९९ सेंटिमीटरवर १९६४चा नागरी हक्क कायदा. मधल्या काळात दक्षिणेत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी शाळा, बसमधल्या जागा, नळ सगळं वेगळं. त्यानंतर आजपर्यंत जेमतेम साठ-बासष्ट सेंटिमीटर. मुलं दोरीच्या दोन टोकांना उभी राहिली की पहिला तुकडा किती लांब आहे, ते त्यांना दिसतं.

कपड्यांच्या चिमट्याने दोन नावं दोरीला लावा. रूबी ब्रिजेस, वय सहा, १४ नोव्हेंबर १९६०ला न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत केंद्र सरकारच्या मार्शलांच्या (पोलीस अधिकाऱ्यांच्या) संरक्षणात गेली, आणि गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतल्याने वर्षभर वर्गात एकटीच शिकली. दुसरं नाव रोझा पार्क्स, १ डिसेंबर १९५५ला बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या. त्यांना ‘दमलेली म्हातारी’ करू नका : वय ४२, नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव, आणि नंतरचा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. त्यांच्याआधी नऊ महिने क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीनेही जागा सोडायला नकार दिला होता. तिचं नाव मुलांना विशेष आवडतं.

‘आता संपलं का?’ असं विचारलं तर ‘कायदे बदलले, वागणं सगळीकडे बदललेलं नाही’ हे सांगा, आणि दोरीचं टोक मोकळं सोडा, गाठ मारू नका.

प्रश्न : पालकांच्या तक्रारी येतील अशी मुख्याध्यापकांना धास्ती आहे.

उत्तर : आठवडाभर आधी सहा-सात ओळींची चिठ्ठी द्या : पुस्तकाचं नाव, गुलामगिरीची तुम्ही वापरणार ती व्याख्या शब्दशः, काय दाखवणार नाही, आणि घरी मुलाने विचारलं तर सांगायचं एक वाक्य. बहुतेक तक्रारी धड्याविषयी नसतात, मुलाकडून अर्धवट ऐकलेल्या वाक्याविषयी असतात. धडा आठवड्याच्या शेवटच्या दिवशी किंवा शेवटच्या तासाला ठेवू नका. सकाळी ठेवा, वाचनाला वीस मिनिटं आणि नंतर प्रश्नांना तेवढीच. आणि दारात एक डबा ठेवा, ज्यांना वर्गात विचारवलं नाही त्यांच्या चिठ्ठ्यांसाठी. तो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा, त्याच दिवशी नाही. रात्री घरी सुचलेले प्रश्नही त्यात येतात.